संचकार देण्याआधी मसुदा हातात घ्या: घरखरेदीच्या करारातल्या अटी कशा वाचायच्या

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंही गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी करतो. फुलेवाडी रिंग रोडच्या बाजूला काम चालू असलेल्या इमारतीत ३८ लाखांचा टू बीएचके पसंत पडला आहे. 'एक लाख भरून फ्लॅट धरून ठेवा, करार नंतर करू' असं बिल्डरच्या ऑफिसमध्ये सांगतात. कराराचा नमुना मागितला तर चाळीसेक पानं दिली. त्यातल्या कोणत्या अटी नेहमीच्या आणि कोणत्या अंगलट येणाऱ्या, हे कळत नाही. दुसरा पर्याय राजारामपुरीतला वापरलेला फ्लॅट आहे. तिथे काय बघावं?

उत्तर: तुम्ही पैसे देण्याआधी विचारलंत, हे फार चांगलं झालं. कोल्हापुरात घरांच्या कागदपत्रांचं काम करताना माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं संचकार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, देऊन मग येतात. तोवर मसुद्यातला शब्द बदलून घेण्याची ताकद गेलेली असते. दर, टाइल्स, किचन ओट्याचा दगड यावर माणसं महिनाभर घासाघीस करतात, पण ज्या कागदावर आयुष्याची कमाई लागते तो सही करण्याच्या दिवशी सब रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर बसून चाळतात. तुम्ही तसं करू नका. एक लाख द्यायचे ते मसुदा दोन्ही बाजूंनी ठरल्यावरच द्या.

या एक लाखाबद्दल कायदा काय म्हणतो ते आधी बघा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा केंद्राचा कायदा) कलम १३ नुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्या बाबतीत ही मर्यादा ३ लाख ८० हजार होते. पाचशेच्या स्टॅम्पवर केलेलं, नोटरीचा शिक्का मारलेलं संचकारपत्र म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. 'आधी संचकारपत्र करू, पाच-सात लाख भरा, करार दिवाळीनंतर बघू' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. बुकिंगची रक्कम देताना साधी पावती न घेता महारेराने (हा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) ठरवून दिलेल्या नमुन्यातलं वाटपपत्र म्हणजे अलॉटमेंट लेटर मागा. त्या नमुन्यानुसार १५ दिवसांच्या आत बुकिंग रद्द केलं तर काहीच कापता येत नाही, आणि कितीही उशीर झाला तरी कपात किमतीच्या २ टक्क्यांवर जात नाही. 'विसार रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' हे वाक्य पावतीवर छापलेलं दिसलं तर त्यावर सही करू नका. तिथेच आणखी एक ओळ घालून घ्या: बँकेने मालकीहक्काच्या किंवा परवानगीच्या कारणावरून कर्ज नाकारलं, तर पूर्ण रक्कम परत. तुमच्या पगारावरून नाकारलं तर गोष्ट वेगळी. पण जमिनीच्या कागदात खोट निघाली तर त्याचा भुर्दंड तुम्ही का सोसायचा?

आता मसुद्याकडे. प्रत्येक कलम वाचताना पेन्सिलीने समासात तीन गोष्टी लिहा: कुणी करायचं, कधीपर्यंत करायचं, आणि नाही केलं तर काय. तुमच्यावरच्या जबाबदाऱ्यांसमोर तिन्ही रकाने भरलेले दिसतील. बिल्डरच्या जबाबदाऱ्यांसमोर तिसरा रकाना बहुतेक वेळा मोकळा असतो. व्याजाचं उदाहरण घ्या. तुमचा हप्ता चुकला तर वार्षिक १८ किंवा २४ टक्के व्याज, आणि ताबा रखडला तर 'लिहून देणार योग्य ते सहकार्य करतील' असं लिहिलेलं अनेक मसुद्यांत आढळतं. (कराराच्या भाषेत 'लिहून देणार' म्हणजे बिल्डर, 'लिहून घेणार' म्हणजे तुम्ही.) रेरामध्ये दोघांना एकच दर आहे. महाराष्ट्राच्या नियमांत तो स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेचा कर्जासाठीचा आधारदर) २ टक्के जास्त असा ठरवलेला आहे. हा दर दोन्ही ठिकाणी लिहून घ्या.

कराराची पहिली पाच-सहा पानं म्हणजे जमिनीची हकीकत. लोक ती उलटून पुढे जातात, पण आपल्या कोल्हापुरात सगळ्यात जास्त वेळ याच पानांवर द्यायला हवा. ज्या जमिनीवर इमारत उभी राहते आहे तिचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते बघा. वर्ग २ असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय ती जमीन हस्तांतरित होत नाही. परवानगीचा आदेश आणि नजराणा (त्यासाठी शासनाला द्यायची रक्कम) भरल्याचं चलन कराराला जोडलेलं हवं. या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी बऱ्याच आहेत, वतनाच्याही आहेत. 'इतर हक्क' या सदरात देवस्थानचं, कुळाचं किंवा बँकेच्या बोज्याचं नाव आहे का, हे डोळ्यात तेल घालून वाचा. मूळ मालकाने बिल्डरला विकसन करारनामा आणि वटमुखत्यारपत्र दिलेलं असेल तर ती दोन्ही नोंदणीकृत आहेत का आणि सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, हे बघा. बहिणींच्या सह्या राहिलेल्या असतात, आणि वाद पुढे तिथूनच उभा राहतो.

तुमच्या जागेसाठी पूररेषा हा वेगळा मुद्दा आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ फूट आहे. निळ्या रेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द) आत नव्या बांधकामाला मनाई आहे, निळ्या आणि लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) मध्ये अटींवर परवानगी मिळते. महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. परवानगीपत्रात जोत्याच्या उंचीची किंवा पार्किंगच्या पातळीची अट घातली आहे का, तेही वाचा. आणि शेजारच्या जुन्या घरातल्या माणसांना विचारा, २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. ते करारात कुणी लिहून देणार नाही. (पाचगाव, कळंबा, उचगाव या बाजूला घर बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की महापालिका हद्दीबाहेरच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं आहे. तिथे परवानगीवर सही कुणाची आहे ते आधी बघायचं.)

याच भागात एक निरुपद्रवी दिसणारं वाक्य असतं: 'लिहून घेणार यांनी मालकीहक्काची संपूर्ण खात्री करून घेतली असून त्याबाबत त्यांची कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही.' शेवटचे चार शब्द काढायला लावा. रेराच्या कलम १८ प्रमाणे जमिनीच्या मालकीहक्कातल्या दोषामुळे नुकसान झालं तर बिल्डर भरपाईला बांधलेला आहे, आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. तुमच्याच सहीने त्याला वाद घालायला जागा देऊ नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा वकिलाचा टायटल रिपोर्ट असतो. तो वाचा, पण किमान ३० वर्षांचा सर्च आपल्या वकिलाकडून स्वतंत्र करून घ्या. त्याच पानावर चालू दावे, प्रकल्पावरचं कर्ज आणि पूर्णत्वाची जाहीर केलेली तारीखही मिळते.

क्षेत्रफळाचं थोडक्यात सांगतो. करारात कार्पेट क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असलंच पाहिजे. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. तुम्हाला '९५० स्क्वेअर फूट, ४००० चा दर' असं तोंडी सांगितलं असेल आणि कार्पेट ६४० निघालं, तर खरा दर फुटाला ५९३७ रुपये पडतो. दोन इमारतींची तुलना करायची तर याच आकड्यावर करा. ताब्याच्या वेळी मोजणीत ३ टक्क्यांपर्यंत फरक नमुना करारात (महारेराच्या संकेतस्थळावरचा, बिल्डरने दिलेला नव्हे) मान्य आहे. त्यापेक्षा कमी भरलं तर पैसे परत मिळायला हवेत.

किमतीच्या कलमात 'सिमेंट-सळईचे दर वाढल्यास वाढीव रक्कम देण्याचे लिहून घेणार यांनी मान्य केले आहे' असं असेल तर ते सरळ काढून टाकायला सांगा. नमुना करारानुसार ठरलेली किंमत वाढत नाही. अपवाद एकच, महापालिका किंवा शासनाने विकास शुल्कासारखी आकारणी वाढवली तर. तीही त्या आदेशाची प्रत दाखवून. मग किमतीखाली येणारी यादी: वीज मीटर, ट्रान्सफॉर्मर, लीगल चार्जेस, क्लब हाऊस, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स. प्रत्येकासमोर आकडा हवा. 'प्रत्यक्ष येईल तो खर्च' म्हणजे कोरा चेक. मेंटेनन्सच्या पैशांचा हिशोब संस्था किंवा असोसिएशन झाल्यावर तिच्याकडे शिलकीसह देण्याची अट घाला.

ही यादी जीएसटीसाठीही महत्त्वाची आहे. काम चालू असलेल्या इमारतीत आपल्याकडे ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. ही ४५ लाखांची मर्यादा बघताना पार्किंग, विकास शुल्क, सामायिक सुविधांचे पैसे असं सगळं मिळून बघतात. तुमचे ३८ लाख सुखरूप आत आहेत आणि जीएसटी ३८ हजार होईल. पण ४३ लाखांचा फ्लॅट आणि वरचे तीन लाख अशी मांडणी असली तर कर ४६ हजारांवरून थेट २ लाख ३० हजारांवर जातो. मुद्रांक शुल्क शहराच्या हद्दीत ६ टक्के, करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं (शासनाने ठरवलेल्या दरांचा तक्ता) मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर, म्हणजे ३८ लाख धरले तर २ लाख २८ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. घर केवळ पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. मात्र दोघांनी कर्ज काढून दोघांनी आयकरात वजावट घ्यायची असेल तर मालकही दोघं लागतात. तेव्हा ३८ हजार वाचवण्याआधी हा हिशोब करा.

हप्त्यांचा तक्ता हे तुमचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे. नमुना करारात तो असा चढतो: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-गिलावा-फरशी-दारं-खिडक्या झाल्यावर ७५, मग ८०, ८५, लिफ्ट आणि वीज-पाण्याची कामं झाल्यावर ९५, आणि उरलेले ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह (इमारत वापरायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) ताबा देताना. बिल्डरला स्लॅबपर्यंतचे पैसे मिळाले की पुढचं काम रेंगाळतं, म्हणून या तक्त्याचा मागचा भाग हलवू देऊ नका. 'दर महिन्याला अमुक रक्कम' असा तारखेला बांधलेला तक्ता घेऊ नका, हप्ता कामाच्या टप्प्यालाच बांधलेला हवा. बँक टप्प्याटप्प्याने रक्कम सोडते तेव्हा आर्किटेक्टचं पत्र मागते, त्याची प्रत तुम्हीही घेत चला. तुमच्याकडून हप्ते चुकले तर करार लगेच रद्द होत नाही. नमुन्यात तीन वेळा चूक आणि त्यानंतर १५ दिवसांची लेखी नोटीस असा क्रम आहे. तुमच्या मसुद्यात 'सात दिवसांत भरणा न केल्यास करार आपोआप रद्द समजला जाईल' असं असेल तर तो क्रम परत आणा.

ताब्याची तारीख. दिवस, महिना, वर्ष असं स्पष्ट लिहिलेलं हवं. 'सुमारे' किंवा 'परवानगी मिळाल्यापासून ३० महिने' चालणार नाही. त्यानंतर कारण न देता सहा महिन्यांची सवलत जोडलेली असते, ती मान्य करू नका. ज्यासाठी मुदत वाढते त्या नैसर्गिक आपत्तीच्या व्याख्येत युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप येतात. कामगार न मिळणं, वाळू महागणं, बँकेने बिल्डरचं कर्ज थांबवणं यांतलं काहीही त्यात येत नाही. पुराबद्दल आपल्याकडे विशेष सांगायला हवं. पंचगंगेला पाणी आलं म्हणून गावातली सगळी बांधकामं आपोआप मुदतवाढीला पात्र होत नाहीत, त्या प्रकल्पाच्या कामावर प्रत्यक्ष परिणाम झालेला दाखवावा लागतो. तारीख चुकली तर दोन वाटा आहेत. प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत घ्यायचे, किंवा थांबून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्यायचं. वाट निवडायचा हक्क तुमचा आहे. करारात फक्त पहिली वाट लिहिलेली असेल तर दुसरीही लिहून घ्या.

आणि ताबा म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा. 'फर्निचरच्या कामासाठी चावी घ्या, कंप्लिशन येईल महिन्या-दोन महिन्यांत' असं म्हणून ताबापावतीवर सही घेतात, आणि उरलेले पाच टक्केही घेतात. त्या सहीनंतर उशिराचं व्याज मागताना तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं.

मंजूर नकाशात बदल करायला 'लिहून घेणार यांची आत्ताच अपरिवर्तनीय संमती आहे' असं एक कलम असतं. ही कोरी संमती देऊ नका. तुमच्या फ्लॅटमधल्या बदलाला तुमची, आणि इमारतीच्या आराखड्यातल्या बदलाला दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते, हे कलम १४ मध्ये आहे. वरची गच्ची, उरलेला किंवा पुढे वाढणारा एफएसआय (जागेवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण), मोबाइल टॉवर आणि जाहिरात फलकाचं उत्पन्न कायम बिल्डरकडे ठेवणारं वाक्य याच्याच आसपास सापडेल. सामायिक गच्ची आणि उघडं पार्किंग या सगळ्यांच्या जागा आहेत, बिल्डरला त्या विकता येत नाहीत. छताखालचं पार्किंग विकता येतं, पण त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नकाशा कराराला जोडायला हवा. दोन खांबांमध्ये गाडी बसते का, ते स्वतः जाऊन मोजा. बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षं बिल्डरची असते, कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करायची. आपल्या पावसात गळती पहिल्या-दुसऱ्या वर्षीच दिसते. तेव्हा 'दोष' या शब्दात गळती आणि ओल स्पष्ट लिहून घेतली तर पुढचा वाद वाचतो.

कोल्हापुरात गृहनिर्माण संस्थेपेक्षा अपार्टमेंट करण्याची पद्धत जास्त आहे. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली बिल्डर आधी घोषणापत्र नोंदवतो आणि नंतर प्रत्येक फ्लॅटधारकाला डीड ऑफ अपार्टमेंट करून देतो. या डीडनेच फ्लॅट आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा तुमच्या नावावर होतो. आज तुम्ही कराल ते साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचा करार आहे, खरेदीपत्र नव्हे. शहरात वीस-वीस वर्षं राहणारी कुटुंबं आहेत ज्यांच्याकडे साठेखत आणि ताबापावती एवढंच आहे, कारण बिल्डरने डीड केलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. मग विकायची वेळ आली किंवा वारसाची नोंद करायची झाली की धावपळ सुरू होते. म्हणून करारात लिहून घ्या: भोगवटा प्रमाणपत्रानंतर तीन महिन्यांत डीड ऑफ अपार्टमेंट, खर्च कुणाचा, आणि घोषणापत्राचा मसुदा सही होण्याआधी दाखवायचा. साठेखतावर भरलेलं मुद्रांक शुल्क त्या डीडला वळतं होतं, परत सहा टक्के भरावे लागत नाहीत.

राजारामपुरीच्या फ्लॅटबाबत पहिला प्रश्न हाच विचारा: विकणाऱ्याच्या नावे डीड ऑफ अपार्टमेंट किंवा संस्थेचं शेअर सर्टिफिकेट आहे का? नसेल तर तो तुम्हाला खरेदीपत्र देऊ शकत नाही, फक्त आपले करारातले हक्क देऊ शकतो. बँकेलाही ते चालेलच असं नाही. नुसत्या वटमुखत्यारपत्रावर तर घर घेऊच नका. त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. 'जसा आहे तसा' ही अट जुन्या घरात नेहमीची आहे आणि मान्य करायला हरकत नाही, पण ती भिंती-फरशीपुरती ठेवा. घरफाळा, पाणीपट्टी, वीजबिल, मेंटेनन्सची थकबाकी आणि आधीचं गृहकर्ज खरेदीपत्राच्या दिवसापर्यंत विकणाऱ्याचं, असं वेगळं वाक्य हवं. त्याचं कर्ज तुमच्या पैशातून फिटणार असेल तर तेवढा डीडी थेट त्याच्या बँकेच्या नावे काढा आणि मूळ कागद कधी, कुणाच्या हातात येणार ते लिहा. संस्था असेल तर हस्तांतर अधिमूल्य (फ्लॅट नव्या सभासदाच्या नावे करताना संस्था घेते ती रक्कम) २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. तयार घराला जीएसटी नाही, हा तिथला मोठा फायदा.

राहिला प्रश्न बिल्डर 'आमचा मसुदा छापील आहे, बदलत नाही' म्हणाला तर काय करायचं याचा. महारेराने कार्पेट क्षेत्र, दोषदायित्व, हस्तांतरण, नैसर्गिक आपत्ती आणि पार्किंग या कलमांत बिल्डरला फेरफार करू दिलेला नाही. महारेराच्या संकेतस्थळावरून नमुना करार उतरवून घ्या, दिलेल्या मसुद्याशेजारी ठेवा आणि जिथे फरक दिसेल तेवढीच कलमं ईमेलने विचारा: 'नमुन्यात असे आहे, आपल्या मसुद्यात असे आहे, कृपया नमुन्याप्रमाणे करावे.' भांडू नका, तोंडी बोलणी करू नका. चांगलं काम करणारे बिल्डर या ईमेलला दोन दिवसांत उत्तर देतात, कोल्हापुरात असे पुष्कळ आहेत. उत्तर आलं नाही, किंवा आधी एक लाख भरा मग बघू असं आलं, तर हाच फ्लॅट हवा म्हणून घाई करू नका. उत्तर येईपर्यंत राजारामपुरीच्या फ्लॅटचे कागद मागवून ठेवा.